ग्लॉक्सिनियाची झोंप

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एका कुंडीवरून लहानसा वाद झाला. कुंडी आमच्या पुतणीची. भाद्रपद सरतां सरतां ती उच्च शिक्षणासाठीं परदेशीं गेली, आणि जातांना आपली ग्लॉक्सिनियाची कुंडी घरच्यांच्या स्वाधीन करून गेली. त्या वेळीं झाडावर सात फुलें होतीं. दिवाळीनंतर मात्र पानें पिवळीं पडलीं, देंठ लोळले, आणि मार्गशीर्ष लागतांना कुंडींत मातीखेरीज कांहींच दिसेना. आम्ही ती माती ओतून टाकण्याच्या बेतांत होतों, तोंच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, राहूं द्या ती कुंडी. दर रविवारीं तिचा फोन येतो, आणि आधीं झाडाची चौकशी होते. मीं तिला काय सांगूं?"

वाद मिटविला तो आईनें. तिचें बालपण कोंकणांत गेलेलें. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "सुरणाचं पान वाळलं म्हणून सुरण मेला असं कोणी म्हणतं का? आधीं मातींत बोट घालून बघा." बोट घालून पाहिलें. बोटाला एक टणक, वाटोळा कंद लागला.

त्या क्षणीं आम्हांला जें आठवलें तें सुखाचें नव्हतें. आदल्या वर्षीं गणपतीच्या दिवसांत आम्हीं स्वतः असाच एक ग्लॉक्सिनिया हौसेनें आणला होता, आणि हिंवाळ्यांत तो वाळलेला पाहून कुंडीसकट कचऱ्यांत दिला होता. तो मेला नव्हता, निजला होता. ही चूक एकट्या आमचीच असती तर गोष्ट वेगळी. परंतु चौकशी करतां ओळखीच्या आणखी तीन घरीं तसेंच झाल्याचें कळलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनीं हें फूल पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं प्रथम थोडें वर्णन. झाड उणेंपुरें वीतभर उंचीचें. पानें तळहाताएवढीं, जाड, गडद हिरवीं आणि मऊ लवेनें भरलेलीं. त्यांच्या मधोमध कळ्यांचा झुबका येतो आणि एकेक कळी उमलून तीन-चार बोटें रुंद अशी घंटा होते. रंग जांभळा, किरमिजी, गुलाबी किंवा पांढरा. कित्येकांना पांढरी किनार, तर कांहींच्या घशांत बारीक ठिपक्यांची नक्षी. पाकळी पाहून बोट लावण्याचा मोह व्हावा इतकी मखमली. वास मात्र नाहीं. हें फूल घरांत प्रथम उमललें तेव्हां आईनें विचारलें, "देवाला चालेल का?" कोणालाच खात्रीनें सांगतां येईना. शेवटीं निकाल तिनेंच दिला : फूल तोडायचें नाहीं, कुंडीच देवघराच्या खिडकींत ठेवायची, म्हणजे देवालाहि दिसेल आणि घरालाहि.

आतां ह्या पाहुण्याचें गोत्र सांगूं. त्याचें मूळ घर ब्राझील देशांत, रिओ दि जानेरो शहराच्या आसपासच्या डोंगराळ मुलखांत. तेथें तो कातळाच्या कपारींत, थोड्याशा कुजलेल्या पाल्यावर वाढतो. लंडनच्या हॅकनी भागांत लॉडिजेस घराण्याची प्रसिद्ध रोपवाटिका होती. तिनें १८१७ सालीं ह्या झाडाचें वर्णन 'ग्लॉक्सिनिया स्पेसिओसा' ह्या नांवानें छापलें. ग्लॉक्सिनिया हें नांव कोलमार येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ग्लॉक्सिन ह्यांच्यावरून पूर्वींच रूढ झालेलें होतें. पुढें अभ्यासकांच्या ध्यानांत आलें कीं, हें झाड खऱ्या ग्लॉक्सिनियांपैकीं नव्हे. खऱ्या ग्लॉक्सिनियाला मातीखालीं खवल्यांचें आडवें खोड असतें. ह्याला असतो गोल कंद. अशा कंदवाल्यांसाठीं नेस फॉन एसेनबेक ह्या जर्मन पंडितानें १८२५ मध्यें 'सिनिंगिया' ही निराळी प्रजाति स्थापिली होती, आणि तिला बॉन विद्यापीठाच्या बागेंतील विल्हेल्म सिनिंग ह्या माळ्याचें नांव दिलें होतें. एका पंडितानें माळ्याच्या हातांचा केलेला हा गौरव आम्हांला फार आवडला. १८७७ सालीं हीर्न ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें आपल्या झाडालाहि तेथें नेऊन बसविलें, आणि त्याचें शास्त्रीय नांव 'सिनिंगिया स्पेसिओसा' झालें. बाजारानें मात्र हें नांव मानलें नाहीं. लग्नांत नांव बदललेल्या मुलीला माहेरचीं माणसें जन्मभर जुन्याच नांवानें हांक मारतात, तसा हा प्रकार आहे.

रानांतल्या ग्लॉक्सिनियाचें फूल आजच्यासारखें ताठ नव्हतें. तें मान खालीं घालून, एका अंगाला झुकलेलें असे. १८४५ सालीं स्कॉटलंडमधील ब्यूट बेटावर, रॉथसे गांवीं, जॉन फाईफ नांवाच्या माळ्याच्या रोपांत एक फूल असें निघालें कीं, तें ताठ मानेचें आणि सर्व बाजूंनीं सारखें होतें. फुलाला वरची बाजू कोणती व खालची कोणती हें ठरवून देणारें एक जनुक असतें. तें निकामी झालें म्हणजे असें सर्वतोमुखी फूल येतें, हें आतां कळलें आहे. आज आपल्या खिडकींत जी घंटा वर तोंड करून पाहते तिचा पूर्वज तो. अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक ह्या विद्यापीठांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१९ सालीं आणखी एक मजेची गोष्ट प्रसिद्ध केली. बागांतून दिसणारे ग्लॉक्सिनियाचे इतके रंग आणि आकार एकाच मूळ वस्तींतून, रिओजवळच्या एकाच समूहापासून निपजले आहेत. कुलवृत्तांत लिहावयाचा तर मूळ पुरुष शोधण्याचा त्रास नाहीं!

हें सर्व सांगण्याचें कारण निव्वळ ज्ञानप्रदर्शन नव्हे. झाडाचें मूळ गांव कळलें म्हणजे त्याची दिनचर्या कळते. रिओच्या बाजूला उन्हाळा हाच पावसाचा काळ, आणि हिंवाळा कोरडा. पाऊस असेतों झाड वाढतें, फुलतें. कोरडे दिवस आले कीं वरचा सगळा संसार आवरून कंदांत जाऊन निजतें. आपल्या सह्याद्रींतहि ह्याचे दूरचे भाऊबंद आहेत. पावसाळ्यांत ओल्या दरडींवर व कातळांवर निळ्या फुलांचें 'रिंकोग्लॉसम' उगवतें, तें ह्याच कुळांतलें. विलायतेंत ग्लॉक्सिनियासाठीं तापविलेलीं कांचघरें बांधावीं लागलीं. आपल्याकडे पुण्यासारख्या हवेंत त्याला तसें कांहींच लागत नाहीं. चैत्रांत जागा होऊन श्रावणांत फुलणें आणि कार्तिकानंतर निजणें हें त्याला येथें सहज साधतें. आपण फक्त आड येऊं नये.

आतां लागवडीकडे वळूं. कंद फाल्गुन-चैत्रांत लावावा. त्याची एक बाजू फुगीर असते व दुसरी किंचित् खोलगट. खोलगट बाजू वर ठेवावी, कारण कोंब तेथूनच निघतात. कुंडी सुमारें १५ सेंटिमीटर तोंडाची, उथळ, आणि तळाला भोंक असलेली असावी. भोंकावर खापरीचा तुकडा ठेवावा. देशावरची चिकण काळी माती ह्या झाडाला मुळींच मानवत नाहीं. पानांचें चांगलें कुजलेलें खत दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग आणि नारळाच्या काथ्याचा धुऊन घेतलेला भुसा एक भाग, एवढें मिश्रण आमच्याकडे उत्तम ठरलें. कंदावर एक-दीड सेंटिमीटरहून अधिक माती नको. कोंब दिसेपर्यंत माती नुसती दमट ठेवावी. कोंब तीन-चार आले तर त्यांतला जोमदार एक ठेवून बाकीचे दोन बोटें वाढल्यावर हलक्या हातानें काढावे. ओल्या वाळूंत खोंचले तर त्यांचींहि रोपें होतात.

उजेड भरपूर हवा, पण दुपारचें ऊन नको. पूर्वेच्या खिडकींतलें सकाळचें कोंवळें ऊन सर्वांत चांगलें. पानांचे देंठ लांबून झाड उसवल्यासारखें दिसूं लागलें तर उजेड कमी पडतो असें समजावें. पानांवर करपल्याचे डाग पडले तर ऊन फार झालें. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी, नाहींतर झाड खिडकीबाहेर डोकावूं लागतें. वैशाखांत हवा फार कोरडी असते. त्या वेळीं आलेल्या कळ्या उमलण्यापूर्वींच तांबूस होऊन वाळतात. तशा दिवसांत पसरट ताटलींत खडे व थोडें पाणी घालून त्या खड्यांवर कुंडी ठेवावी. कुंडीचा तळ मात्र पाण्याला लागूं देऊं नये.

पाण्याविषयीं जरा विस्तारानें लिहावयास हवें, कारण ह्या झाडाचे बहुतेक बळी पाण्यानेंच जातात, आणि आपल्यासारख्या मोठ्या घरांत तर अधिकच. आमच्या घरीं माणसें नऊ. सकाळीं आई फुलें काढतांना तांब्यांतलें उरलेलें पाणी कुंडींत घाली. बंधु कचेरींत जातांना घालीत. मुलें शाळेंतून आलीं कीं आपल्या बाटल्या तेथेंच रिकाम्या करीत. प्रत्येकाचा हेतु चांगला, आणि दुसऱ्यानें घातल्याचें कोणालाच ठाऊक नाहीं. एके दिवशीं पानें मलूल झालीं; तेव्हां झाडाला तहान लागली आहे असें समजून सर्वांनीं मिळून आणखी घातलें. माती ओली असून पानें लोळत असतील तर ती तहान नव्हे. मुळें कुजूं लागल्याची ती खूण आहे, आणि त्यावर पाणी हा उपाय नव्हे, तो शेवटचा घाव होय. पुतणीनें वेळींच ओळखलें, झाड उपटून कुजकीं मुळें कापलीं, कोरड्या मातींत पुन्हां लावलें, आणि कुंडीला चिठ्ठी बांधली : "पाणी फक्त मी घालीन." त्या चिठ्ठीचा प्रथम थोडा राग आला, हें कबूल केलें पाहिजे. पण झाड वांचलें तें त्या चिठ्ठीनें. परदेशीं जातांना तिनें जुनी चिठ्ठी सोडून नवी बांधली : "पाणी फक्त आजी घालील." ज्याच्यावर सर्वांचा लोभ, त्याची जबाबदारी मात्र एकाचीच असावी, हा धडा आम्हीं कुंडीपासून घेतला.

पाणी घालण्याची रीत सोपी आहे. मातींत बोट घालून पाहावें; वरचा थर कोरडा लागला तरच घालावें. तें कुंडीच्या कडेनें किंवा खालच्या बशींत द्यावें, आणि अर्ध्या तासानें बशींत उरलेलें ओतून टाकावें. पानांवर व मधल्या कोंबावर पाणी पडूं देऊं नये. थंड पाण्यानें ह्या लवदार पानांवर डाग पडतात ते जात नाहींत. कळ्या दिसूं लागल्यावर दर पंधरा दिवसांनीं पातळ केलेलें द्रवखत, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मेंच, पुरे होतें. देंठाच्या बगलेंत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण होत. स्पिरिटांत बुडविलेल्या कापसाच्या बोळ्यानें पुसून काढावे. घरांत रांगतें मूल असलें तरी काळजीचें कारण नाहीं. हें झाड विषारी समजलें जात नाहीं. अर्थात् मुलानें तें खावें असेंहि नाहीं!

फुलें संपलीं म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. झाड अजून हिरवें व टवटवीत असेल तर खोड सर्वांत खालच्या पानांच्या जोडीवर कापून पाहावें. कित्येकदां नवे फुटवे येऊन दुसरा बहर मिळतो. पण पानें आपोआप पिवळीं पडूं लागलीं कीं ती निजेची सूचना. तेव्हां खत बंद करावें आणि पाणी हळूहळू कमी करीत न्यावें. पान पूर्ण वाळेपर्यंत ओढून काढूं नये, कारण जातां जातां तें आपला सांठा कंदांत भरून ठेवीत असतें. सर्व वाळलें म्हणजे खोड सहज सुटून येतें. कंद त्याच कुंडींत, त्याच मातींत राहूं द्यावा. कुंडी अंधाऱ्या, थंडशा, कोरड्या जागीं ठेवावी. शीतकपाटांत मात्र नको, दहा अंशांखालची थंडी त्याला बाधते. कंद अगदींच सुरकुतूं नये म्हणून महिन्यांतून एकदां चमचा-दोन चमचे पाणी पुरे. ही झोंप दोन ते चार महिन्यांची असते. ह्या मुदतींत दया येऊन पाणी घालणें म्हणजे निजलेल्याला बुडविणें होय.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. हल्लीं बाजारांत सणाच्या दिवसांत जीं लहानशीं फुललेलीं झाडें मिळतात, तीं पुष्कळदां बियांपासून झटपट वाढविलेलीं असतात. त्यांचा कंद पुरता भरलेला नसतो, आणि तो दुसऱ्या वर्षीं उठेलच असें नाहीं. अशांना फुलें संपल्यावरहि जितके दिवस पानें हिरवीं राहतील तितके राहूं द्यावीं. ज्यांना खात्रीचें झाड हवें त्यांनीं हिंवाळ्याच्या शेवटीं नुसते कंदच मागवावे. भरीव, टणक, सुपारीहून मोठा कंद घ्यावा. दाबल्यावर मऊ लागणारा कितीहि स्वस्त असला तरी घेऊं नये.

आमच्या कुंडीचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. आईनें ती आपल्या पलंगाखालीं ठेवली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तारीख लिहिली. रविवारीं फोन आला तेव्हां वहिनींनीं धीर करून खरें तें सांगितलें, "झाड निजलं आहे." पलीकडे क्षणभर कोणी बोललें नाहीं. पुतणीला वाटलें, झाड गेलें आहे आणि आई आपली समजूत घालीत आहे. तिनें पुढें दोन महिने झाडाचें नांव काढलें नाहीं. आम्हींहि काढलें नाहीं, कारण तें उठेल अशी खात्री आमच्यापैकीं एका आईखेरीज कोणालाच नव्हती. होळीच्या आदल्या दिवशीं खोली झाडण्यासाठीं कुंडी बाहेर काढली, तों मातीच्या मधोमध राखी-हिरव्या लवेचा एक ठिपका दिसला, हरभऱ्याएवढा. त्याचें छायाचित्र काढून पाठविलें. उत्तर पांच मिनिटांत आलें. त्या वेळीं तिच्याकडे पहाट होती.

एका झाडाचीं अनेक करण्याची रीतहि तिनेंच फोनवरून शिकविली. पूर्ण वाढलेलें निरोगी पान बोटाच्या पेराएवढ्या देंठासह कापून ओल्या वाळूंत वा काथ्याच्या भुशांत खोंचावें, आणि वर पारदर्शक पिशवी झांकावी. तीन-चार आठवड्यांत देंठाला मुळें फुटतात आणि पुढें वाटाण्याएवढा कंद धरतो. मग तें पान वाळून जातें. तेव्हांहि कुंडी टाकूं नये, हें आतां पुन्हां सांगण्याची गरज नसावी! बियांपासूनहि रोपें होतात. परंतु बी धुळीसारखें बारीक असतें. तें दमट मातीवर नुसतें भुरभुरावें, वर माती लोटूं नये, कारण त्याला उगवण्यास उजेड लागतो. योग्य ऊब मिळाली तर सहा-सात महिन्यांत फूल येतें.

यंदाच्या श्रावणांत देवघराच्या खिडकींतल्या त्या एका झाडावर अकरा फुलें आलीं. पानांपासून केलेलीं तीन रोपें शेजारीं उभीं आहेत. त्यांतलें एक राखीपौर्णिमेला आलेल्या आमच्या भगिनी घेऊन गेल्या. जातांना आईनें त्यांना रीत सांगितली ती एका वाक्यांत : "दिवाळीनंतर मेल्यासारखं दिसेल, पण टाकूं नकोस."

पुतणी पौषांत चार आठवड्यांच्या सुटीवर घरीं यावयाची आहे. तिला फूल दिसणार नाहीं. तोंपर्यंत झाड पुन्हां निजलेलें असेल आणि कुंडींत नुसती माती असेल. वहिनींना ह्याची हळहळ वाटते. आई म्हणते, त्यांत काय झालें? आली कीं ती आधीं पलंगाखालून कुंडी ओढील, आणि मातींत बोट घालून पाहील.